तूही माझा नाहीस



आजचं वाचन वनपर्वाच्या सुरुवातीचं आहे. द्यूतात सगळं हरून पांडव काम्यक वनात आलेत. बातमी कळल्यावर श्रीकृष्ण त्यांना भेटायला येतो, सोबत धृष्टद्युम्न आणि बाकीचे आप्त. श्रीकृष्ण इतका संतापलेला असतो की अर्जुनाला त्याची स्तुती करून त्याला शांत करावं लागतं. हे सगळं झाल्यावर द्रौपदी बोलायला लागते, आणि ती लवकर थांबत नाही.

आपल्या डोक्यातली द्रौपदी म्हणजे हात वर करून धावा करणारी, आणि वरून न संपणारी साडी पुरवणारा श्रीकृष्ण. कॅलेंडरवरचं चित्र. वनपर्वातली द्रौपदी त्या चित्रात बसत नाही. ती आधी श्रीकृष्णाचं मोठेपण सांगते, ऋषी तुझ्याबद्दल काय काय म्हणतात ते सांगते. आणि मग विचारते, असा तू जिचा सखा, असे पाच वीर जिचे नवरे, धृष्टद्युम्न जिचा भाऊ, तिला सभेत फरफटत नेलं, हे झालंच कसं? भीमाच्या बळाचा ती धिक्कार करते, अर्जुनाच्या गांडीवाचा करते. तोंड झाकून रडते. आणि शेवटी जे म्हणते त्याचा आशय असा की, मला नवरे नाहीत, मुलं नाहीत, भाऊ नाहीत, वडील नाहीत. आणि मधुसूदना, तूही नाहीस.

हे ती देवाला, समोर बसलेला असताना, तोंडावर म्हणते.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे जाता येईना. कारण तिची जखम दुःशासनाने केलेली नाहीये, किंवा निदान तेवढीच नाहीये. शत्रू शत्रूसारखा वागला. तिला आतून तोडलं ते बसून राहिलेल्या माणसांनी. सभेत तिने एक साधा प्रश्न विचारला होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्मांसारखा माणूस म्हणाला, धर्म फार सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. बोलला तो विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच भाऊ. आणि विदुर. बाकी सगळे गप्प. ‘धर्म सूक्ष्म आहे’ याचं आजच्या मराठीतलं भाषांतर आपण सगळ्यांनी ऐकलंय: “बघ, दोन्ही बाजू असतात, मी मध्ये पडत नाही.”

आपल्या वयाच्या मित्रमैत्रिणींशी बोलताना अशा कितीतरी गोष्टी ऐकायला मिळतात. सहा वर्षांचं नातं, घरच्यांनी नाही म्हटल्यावर एका मेसेजवर संपलेलं. “या अप्रेझलला तुझं नक्की” म्हणणारा मॅनेजर, जो त्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीत गेला. यातल्या प्रत्येकाचं शेवटचं वाक्य साधारण सारखंच असतं: आता कुणाच्याच शब्दावर विश्वास बसत नाही. आणि ‘कुणाच्याच’मध्ये देवही येतो, हे बरेचदा त्यांना बोलून झाल्यावर कळतं.

आमच्या घरातलं सांगतो. बाबा दोन भाऊ, थोरले ते तात्या. तात्या गावी, बाबा नोकरीनिमित्त डोंबिवलीत. गावाकडे सामाईक शेती. काही वर्षांपूर्वी तात्या म्हणाले, जमीन एकाच्या नावावर असली की कर्जाचं काम सोपं होतं, तू हक्कसोडपत्रावर सही कर, तुझा वाटा कुठं जात नाही. बाबांनी तालुक्याला जाऊन सही केली. रजिस्टर झालं, फेरफार झाला, सातबाऱ्यावरून बाबांचं नाव कमी झालं. कागदावर लिहिलं होतं की बाबांनी आपला हक्क स्वखुशीने, काही न घेता सोडला आहे. ‘तुझा वाटा कुठं जात नाही’ हे त्या कागदावर कुठेच नव्हतं, ते फक्त ओसरीवर चहा पिताना बोललं गेलं होतं. पुढे शेजारून रस्ता मोठा झाला, जमिनीला भाव आला, तात्यांनी ती विकली. बाबांनी फोन केला तेव्हा तात्या म्हणाले, “कसला वाटा? सही तूच केलीस ना?”

बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्या पैशातून घराचं उरलेलं कर्ज फेडायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. ते हप्ते आता मी आणि ताई भरतो. पैशाचं दुःख हळूहळू सवयीचं होतं. पण फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ फोनकडेच बघत बसले होते, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे हरिपाठाला बसले, हे मला जास्त त्रास देत राहिलं. मला तेव्हा ते मुळीच भाबडं किंवा पवित्र वगैरे वाटलं नाही. मला राग आला, आणि तो राग तात्यांवर जितका होता तितकाच देव्हाऱ्याकडेही होता.

म्हणून आजच्या वाचनात श्रीकृष्ण काय उत्तर देतो, याकडे माझं लक्ष होतं.

तो रागावत नाही. “असं कसं बोलतेस, मीच तर तुला वस्त्रं पुरवली” असं तो म्हणत नाही. तिची श्रद्धा कमी पडली, असंही म्हणत नाही. (आपल्याकडे दुखावलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच ऐकवलं जातं.) तो शब्द देतो. ज्यांच्यावर तू रागावली आहेस त्यांच्या बायका अशाच रडतील, तू पुन्हा राणी होशील; आकाश कोसळलं, हिमालय दुभंगला, समुद्र आटला तरी माझं बोलणं फुकट जाणार नाही. आणि मग युधिष्ठिराकडे वळून सांगतो की त्या वेळी मी द्वारकेत नव्हतो, शाल्वाशी लढत होतो. जवळ असतो तर कुणी न बोलावताही आलो असतो आणि तो खेळ थांबवला असता.

सर्वव्यापी परमेश्वर “मी तिथे नव्हतो” असं म्हणतो, याचा उलगडा जाणकारांनी आपापल्या परीने केलाय, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की त्याने तिची तक्रार ऐकण्यासारखी मानली. उत्तर देण्यासारखी मानली. प्रचलित पाठात तर द्रौपदी कारणं मोजून दाखवते: आपलं नातं आहे, तुला माझ्याबद्दल आदर आहे, आपली मैत्री आहे आणि तुझ्यात ताकद आहे, म्हणून माझं रक्षण करणं तुझं कामच आहे. हे मागणं आहे की हिशेब, सांगणं कठीण. आपल्या जनाबाई विठोबाला ज्या हक्काने फैलावर घेतात, तोच हा हक्क. ज्याच्याशी संबंध संपलाय त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याला ब्लॉक करतो. “तूही नाहीस” हे तिने त्यालाच सांगितलं, यातच त्या नात्याचं काय ते कळतं.

आता वचनाचं बघू. गीतेतलं सगळ्यात प्रसिद्ध वचन म्हणजे नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक, योगक्षेमाचा. त्याचे शेवटचे शब्द एलआयसीच्या बोधचिन्हाखाली आहेत, म्हणजे गीता न उघडलेल्या माणसाच्या घरातसुद्धा ते कपाटातल्या फायलीत असतात. आणि गंमत अशी की आपणही तो श्लोक पॉलिसीसारखाच वाचतो. हप्ता भक्तीचा, क्लेम संकटात. शंकराचार्य या शब्दाची फोड करताना सांगतात की योग म्हणजे जे नाही ते मिळणं आणि क्षेम म्हणजे जे आहे ते राखणं. मग बाबांचा वाटा क्षेमात येत नाही का? हा प्रश्न मी कितीतरी दिवस मनात घोळवला.

ज्ञानेश्वर माउली याच श्लोकावर तान्ह्या बाळाच्या आईचा दाखला देतात. तिला स्वतःची तहानभूक कळत नाही, बाळाचं भलं करणं एवढंच तिचं काम. यात लेखी यादी कुठेच नाही. आईने बाळाला सांगितलेलं नसतं की तुझं खेळणं कधी हरवणार नाही, तुला ताप येणार नाही, कुणी तुला ढकलणार नाही. तिने न बोलता दिलेला शब्द एकच असतो, की मी तुला टाकणार नाही. मला वाटतं देवाने दिलेल्या वचनांकडे बघताना आधी ते कलम वाचावं लागतं. तात्यांनी जे द्यायचं कबूल केलं होतं, ते देवाने कबूल केलेलं नव्हतं. तात्यांचा शब्द वेगळा, देवाचा वेगळा. एकाने बुडवलं म्हणून दुसऱ्याकडे जामीनदार म्हणून जायचं आणि त्यानेही दिलं नाही की दोघांची नावं एकाच वहीत लिहायची, असं आपलं चालतं. विश्वास तुटलेल्या माणसाचं हे होणं स्वाभाविक आहे. कान तोच असतो ना. एकदा गोड शब्दाने केसाने गळा कापला की पुढचा प्रत्येक गोड शब्द संशयाचाच वाटतो.

पण कलम वाचायचं म्हटलं की दुसरी बाजूही वाचावी लागते, आणि ती सोपी नाही. श्रीकृष्णाने वनात दिलेला शब्द पाळला गेला. मध्ये बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास गेला, मग युद्ध झालं, कौरवांच्या स्त्रिया रडल्या, द्रौपदी राणी झाली. जे बोलला ते अक्षरशः झालं. आणि युद्ध संपल्यावर त्याच रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्या छावणीत शिरून तिची पाचही मुलं मारली, तिचा भाऊ धृष्टद्युम्न मारला. तिची मुलं जगतील असं वचन नव्हतं. देवाचं वचन मिळालं की आपल्याला हवं ते सगळं त्यात आलं, असं धरून चालणाऱ्यांनी (आणि तसं प्रवचनात सांगणाऱ्यांनी) सौप्तिकपर्व एकदा वाचावं. मला त्या मुलांबद्दल काही समाधानकारक सांगता येत नाही. सांगू पाहणाऱ्यांचं पटतही नाही. द्रौपदी त्यानंतरही श्रीकृष्णाची सखीच राहिली, एवढं ग्रंथात आहे.

कुणी म्हणेल, देव तरी कुठे नेहमी शब्दाला जागतो? भारतीय युद्धात शस्त्र हाती धरणार नाही, असं त्याने सांगितलं होतं आणि भीष्मांसमोर धरलंच की. खरंय. भीष्मपर्वात तो रथातून उडी टाकून भीष्मांवर धावून जातो, अर्जुन मागून जाऊन त्याला धरतो आणि बजावतो की लोक तुला खोटारडा म्हणतील. म्हणोत. अर्जुन भीष्मांशी हात राखून लढत होता, सैन्य कापलं जात होतं, तेवढ्यासाठी त्याने स्वतःचं नाव खराब करून घेतलं. माणसं स्वतःला वाचवायला शब्द फिरवतात. त्याने दुसऱ्याला वाचवायला फिरवला. जुने टीकाकार यावरून नवव्या अध्यायातल्या एकतिसाव्या श्लोकाचा अर्थ लावतात. तिथे श्रीकृष्ण “माझा भक्त नाश पावत नाही” असं नुसतं सांगत नाही, तो अर्जुनाला म्हणतो की हे तू जाहीर कर. का? तर काही जण म्हणतात, माझा स्वतःचा शब्द मी कदाचित मोडेन, पण भक्ताने दिलेला शब्द मी खोटा पडू देणार नाही.

हा श्लोक मला फार आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता तो वाचताना एक ठेच लागते. त्याच्या आधीचा श्लोक बघा. तिथे विषय आहे अत्यंत दुराचारी माणसाचा, जो दुसरीकडे कुठे न बघता देवाला भजतो. त्याला साधूच समज, असं सांगून मग हे वचन येतं. म्हणजे हा शब्द मुळात सज्जन, फसवल्या गेलेल्या, हप्ते भरणाऱ्या माणसांना दिलेला नाहीये. निदान फक्त त्यांना नाही.

तात्या दरवर्षी वारीला जातात.

ते ढोंग आहे, असं ताई ठामपणे म्हणते. असेलही. मला त्यांच्या मनातलं माहीत नाही. पण ज्या वचनाला धरून बाबा आणि मी उभं राहायचं म्हणतो, तेच वचन तात्यांनाही उपलब्ध आहे, आमची परवानगी न विचारता. माणसांनी दगा दिल्यावर आपण देवाकडे जातो ते थोडं आपल्या बाजूचा साक्षीदार मिळवायला. तिथे गेल्यावर कळतं की समोरची पार्टीही त्याच्याच ओसरीवर बसलीये. हे पचायला वेळ लागतो. मला अजून पूर्ण पचलेलं नाही, पण ज्या देवाने फक्त माझीच बाजू धरली असती त्याचा शब्द मला फार दिवस पुरला नसता, इतपत मी आलोय. आज तात्या चुकले म्हणून तो त्यांना टाकत असेल, तर उद्या माझी पाळी आल्यावर काय?

मग आता काय, सोडून द्यायचं? भक्त माणसाने कोर्टात जाऊ नये, असं आमच्याकडे दोन-तीन नातेवाईकांनी लगेच सुचवलं. यातलं कुणीही तात्यांशी बोललं नव्हतं, हे जाता जाता सांगतो. श्रीकृष्णाचा शब्द मिळाल्यावर पांडव हात जोडून बसले नाहीत. अर्जुन अस्त्रं मिळवायला गेला. वनवास संपल्यावर श्रीकृष्ण स्वतः बोलणी करायला हस्तिनापूरला गेला. वाटा मागणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर देव स्वतः शिष्टाईला गेलाच नसता.

इथे मला तुकोबांची एक गोष्ट फार उपयोगी पडली. तुकोबांचं घर महाजनांचं, सावकारीही होती. 1630 च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, त्यात पहिली पत्नी गेली, व्यापार बुडाला, लोकांकडे दिलेले पैसे अडकले. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरेत सांगितलं जातं. ती खतं म्हणजे तरी काय, लोकांनी दिलेली आणि न पाळलेली वचनंच. एवढी गोष्ट आपल्याला माहीत असते. पण त्याच गोष्टीत असंही आहे की नदीत टाकण्याआधी त्यांनी त्या कागदांचे दोन वाटे केले आणि निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. बुडवले ते स्वतःच्या वाट्याचे. भावाच्या पोटावर त्यांनी उदारपणा केला नाही.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मी माझ्यापुरतं सोडलंय. मी म्हटलं, तुमच्या वाट्याचं तुम्ही सोडा, पण आईने इतकी वर्षं डब्यात काटकसर करून जे धरून ठेवलं होतं, ते तिचं ती ठरवेल. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने हक्कसोडपत्राची प्रत कपाटातून काढून टेबलावर ठेवली. वकिलांनी सांगितलंय की रजिस्टर झालेला कागद रद्द करून घ्यायचा तर फसवणूक कोर्टात सिद्ध करावी लागेल, आणि ओसरीवरच्या बोलण्याला साक्षीदार कोण? लढून काही मिळेलच असं नाही. दावा लावायचा की नाही ते आई ठरवतेय. लावला तर बाबा सही करतील, असं ते म्हणालेत, आणि त्यांचा हरिपाठ चालूच राहील.

दरम्यान फाल्गुनात तात्यांच्या मुलाचं लग्न आहे. पत्रिका आलीये, पोस्टाने, बाबांचं नाव निमंत्रकांत छापून. ताई म्हणते पाय ठेवणार नाही. बाबा जाणार आहेत. मी जायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. पत्रिका देव्हाऱ्याशेजारीच पडून आहे, कारण बाबांनी ती तिथे ठेवली आणि कुणी उचलली नाही.

आजच्या वाचनाला जोडून एक गोष्ट राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती तयार केली. तिच्या सभापर्वात द्रौपदीचा तो धावा नाही, संपादकांना तो नंतरची भर वाटला. वस्त्रं येत राहतात, पण ती कुणाला हाक मारताना दिसत नाही. भाविक मन हे वाचून खट्टू होतं, मीही झालो होतो. पण त्याच आवृत्तीत पुढे उद्योगपर्वात श्रीकृष्ण संजयाशी बोलताना त्या हाकेची आठवण काढतो. मी लांब होतो तेव्हा तिने मला गोविंद म्हणून हाक मारली, आणि त्याचं ऋण माझ्यावर वाढतंच चाललंय, मनातून जात नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. ज्याला ती “तूही नाहीस” म्हणाली होती, तो स्वतःला तिचा कर्जदार म्हणवतो. तेरा वर्षांनी.

उद्या तोच अध्याय वाचू. उद्योगपर्व, संजय पांडवांकडून परत येऊन धृतराष्ट्राला निरोप सांगतो तो भाग. मराठी भाषांतर असेल तर तेच घ्या, आणि सकाळी वेळ नसेल तर लोकलमध्येही चालेल.